धाकू गवंड्याचा गिलावा

रत्नागिरीत बंदराकडून मारुती मंदिराकडे निघालं, की वाटेत गुळगुळीत भिंतींची जेवढी म्हणून जुनी घरं लागत, त्यांतली निम्मी धाकू गोताडच्या हातची होती. घरं त्याने बांधलेली नव्हेत. ती त्याच्या आजोबांच्याही आधीची. भिंती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या, तांबड्या, भोकाभोकांच्या, चुन्यात बसवलेल्या. त्यांच्यावरचा सिमेंटचा गिलावा तेवढा धाकूचा.

सत्तर सालानंतर गावाला गिलाव्याचं वेडच लागलं होतं. उघडा चिरा दिसला की समजावं, घरात मिळवतं माणूस नाही. मुलगा मुंबईला चिकटला किंवा बोटीवर लागला, की पहिल्या वर्षी घरात रेडिओ येई आणि दुसऱ्या वर्षी धाकू. धाकूचा हात असा सपाट, की ओल्या भिंतीवर रंधा फिरवून तो मागे सरला की घरमालक तळहात फिरवून बघत आणि खूश होत. एवढ्यावर भागत नसे. गिलावा ओला असतानाच धाकू दोरी धरून त्यावर आडव्या-उभ्या रेघा मारी, अगदी चिऱ्याच्या मापाच्या, आणि वर तांबडा रंग. म्हणजे आत खरा चिरा, त्यावर सिमेंट आणि सिमेंटवर पुन्हा चिऱ्याचं चित्र! तीस वर्षांत गावातल्या एकाही शहाण्याला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, याचं नवल करावं तेवढं थोडं. धाकूला तर नाहीच दिसलं. त्याला त्या रेघांचा भारी अभिमान होता.

अठ्ठ्याण्णव साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि गावात नवीन प्रकारची माणसं उतरू लागली. ही कुणाकडे लग्नामुंजीला आलेली नव्हती की औषधपाण्याला आलेली नव्हती. ती नुसती बघायला आली होती. किल्ला बघत, समुद्र बघत, गणपतीपुळ्याला जात, कुणी पुढे हेदवी-वेळणेश्वराला. आणि परत येऊन विचारत, की तुमच्या गावातली जुनी घरं कुठे आहेत? त्याच जुन्या घरांसमोर उभं राहून विचारत. त्यांचंही काय चुकत होतं म्हणा!

बंदराजवळच्या आळीत भास्करअण्णांची जुनी वखार होती. एके काळी तिथे गलबतांवरून मीठ, तांदूळ, कौलं उतरत. गलबतं गेली, आगबोट बंद झाली, मग वखारीत आंब्याच्या पेट्या पडून असत. अण्णांची मुलगी स्वानंदी पुण्याला घरं बांधण्याचं शिक्षण घेऊन परतली, तिने वखारीच्या भिंतीवर टकटक केलं आणि धाकूला बोलावणं धाडलं.

"धाकूकाका, हा गिलावा काढायचा."

धाकूने भिंतीला कान लावला. "कुटं फुगलाय? मना तर काय वाजत नाय."

"फुगला नाही. चांगलाच आहे. तरी काढायचा. वखारीत पाहुण्यांसाठी खोल्या करतोय आम्ही. आतला चिरा दिसला पाहिजे."

धाकूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाय माजे, ह्यो गिलावा चौऱ्याहत्तर साली मी लावला. तवा तुज्या बापाशीनं मना धोतरजोडी दिली होती. विचार त्येंना."

"दिली होती," झोपाळ्यावरून भास्करअण्णा म्हणाले. "काढलास तर दुसरी देतो."

धाकू घरी गेला, दोन दिवस धुमसला आणि तिसऱ्या दिवशी हातोडी-छिन्नी घेऊन हजर झाला. दुसरा कुणी येऊन वेडावाकडा ठोकाठोकी करील आणि चिऱ्याचे कोपरे उडवील, हे त्याला सहन झालं नसतं. पण गिलावा निघेना. सिमेंट नुसतं दात धरून बसलं होतं. दुपारपर्यंत धाकूच्या मनगटाला कळ लागली, डोळ्यांत धूळ गेली आणि तो वैतागून ओरडला, "कुनी गाडवानं एवढा घट्ट माल मारलान हाय?"

"त्या गाढवाचं नाव सांगू का, धाकू?" अण्णांनी झोपाळा थांबवून विचारलं.

धाकू आधी संतापला, मग हसत सुटला. इतका हसला की शिडीवरून खाली येऊन बसावं लागलं. त्या दिवसापासून त्याचा राग गेला तो गेलाच.

गिलावा निघाला, सांधे पुन्हा चुन्याने भरले आणि वखारीची तांबडी भिंत उन्हात उभी राहिली तेव्हा धाकूही बघत राहिला. तीस वर्षं आपण काय झाकत होतो, हे त्याला पहिल्यांदा कळलं. त्याला वाईट वाटलं, आणि थोडी लाजही वाटली.

आळीला मात्र वखारीच्या देखणेपणाशी कर्तव्य नव्हतं. पाहुण्यांच्या गाड्या रस्त्यात उभ्या राहू लागल्या आणि रावजीच्या बर्फाच्या कारखान्यातले ट्रक अडले. बर्फ वेळेवर गेला नाही तर बंदरावरची मासळी नासते. रावजी वखारीच्या अंगणात येऊन गरजला, "तुमचे पावने चित्रं काडतायत आनि माजा बरप वितळतोय!" त्यावर पाहुण्यांनी तक्रार केली, की पहाटे चारला ट्रकच्या आवाजाने झोपमोड होते आणि मासळीचा वास येतो. भास्करअण्णा त्यांना म्हणाले, "बंदर आहे. अत्तराचा कारखाना नाही." शेवटी दोन बैठका आणि चार किटल्या चहा झाल्यावर आळीने आपलं आपण ठरवलं: पहाटे मासळी, सकाळी बर्फ, दहानंतर पाहुणे आणि एप्रिल-मेमध्ये आंब्याची पेटी आली की बाकीच्या सगळ्यांनी अंग चोरायचं. वखारीचा कोपरा ट्रकला घासू नये म्हणून धाकूने तिथे एक काळा दगड पुरून दिला. रावजीने आधी कुरकुर केली, मग आपल्याही कोपऱ्याला तसाच एक पुरून घेतला.

वखार पाहून दुसऱ्यांना चेव आला. पुढच्या तीन-चार वर्षांत धाकूने चौदा घरांचा गिलावा उतरवला, त्यांतले अकरा स्वतःच लावलेले. लोक चेष्टा करत, "धाकूनं आधी लावून खाल्लं, आता काढून खातोय." धाकू म्हणे, "तुमाला अक्कल उशिरा आली, त्याला मी काय करू? मना पन तवाच आली."

आणि असा हा धाकू, गावभर हातोडी घेऊन फिरणारा, स्वतःच्या घराच्या भिंतीला मात्र बोट लावू देत नव्हता.

त्याचं घर शहराबाहेर, उघड्या कातळाच्या सड्याच्या उतारावरच्या वाडीत. चार खोल्या, पुढे पडवी, आणि सगळ्या भिंतींना सिमेंटचा गिलावा व त्यावर पिस्ता रंगाचा ऑइलपेंट. दर गणपतीला नवा हात. वाडीत पहिला गिलावा लागला तो या घराला, शहाऐंशी साली, आणि तो लागावा म्हणून धाकूच्या बायकोने, सगुणाने, अकरा वर्षं वाट पाहिली होती. घर उघड्या चिऱ्याचं होतं तेव्हा शेजारची चिमा पाणी भरताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "गवंड्याच्या घराची भिंत बगा गो, भिंत!" सगुणाचा तिळपापड व्हायचा. गिलावा वाळला त्या दिवशी तिने वाडीभर पेढे वाटले आणि चिमाला मुद्दाम दोन दिले.

सगुणाचा मुलगा निलेश मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यात कामाला होता. मासेमारी बंद झाली की कारखाना थंड आणि निलेश घरी. दोन हजार दोन सालच्या पावसाळ्यात असाच घरी बसलेला असताना त्याच्या डोक्यात आलं, की आपल्याही दोन खोल्या पाहुण्यांना द्याव्यात. सरकारची न्याहारी-निवासाची योजना होती, अर्ज करता येत होता. तो भास्करअण्णांना भेटून आला.

"अण्णा म्हनाले, मे महिन्यात जागा नाय म्हून त्येंच्याकडनं मानसं परत जातात, ती आपल्याकडं पाठवतील," जेवताना त्याने सांगितलं. "पन भिंत उगडी करा म्हनाले. पिस्ता रंग बगायला पुन्याहून कोन येत नाय."

सगुणाने हातातला डाव खाली ठेवला. "मी जिती हाय तवर ह्या भिंतीला हातोडी लागाची नाय."

"आई, बाबा गावाचा गिलावा काडतायत..."

"गावाचा काडूंदे. गावाच्या बायका माज्यावानी अकरा वरसं बोलनी खात नव्हत्या."

निलेशने बापाकडे पाहिलं. धाकू भाताकडे बघत म्हणाला, "आई सांगते ता बरोबर हाय. विषय बंद."

निलेशला हे काही केल्या उमगेना. विषय तीन-चारदा निघाला आणि दर वेळी धाकू सगुणापेक्षा मोठ्याने नाही म्हणाला. शेवटी निलेश चिडला. मुंबईला त्याच्या मामेभावाने एका गोदामात काम बघून ठेवलं होतं. गणपती झाले की रविवारच्या एसटीने जातो, म्हणाला. वाडीतली निम्मी घरं अशीच म्हाताऱ्यांवर पडली होती, हे सगुणाला माहीत होतं. ती मुलाचे कपडे धुऊन वाळवून घड्या घालू लागली, आणि घड्या घालताना रडत होती. पण भिंतीचा हट्ट तिने सोडला नाही.

धाकू तिच्याकडे न बघता पडवीत जाऊन बसे. कारण खरी गोष्ट त्याला एकट्यालाच ठाऊक होती, आणि ती सगुणाच्या हौसेची नव्हती. गवंड्याला काम संपल्यावर उरलासुरला, कोपरा उडालेला चिरा न्यायला मुभा असे. धाकूचं घर तशा चिऱ्यांचं होतं. दहा ठिकाणचे, दहा मापांचे, कुणी पिवळट, कुणी जांभळा, कुणी काळ्या शिरांचा. पैसे नव्हते, दुसरं काय करणार? पण गावातल्या सरळ भिंतींचं कौतुक ज्याच्या नावावर, त्याचं घर गोधडीसारखं तुकड्यांचं, ही लाज त्याला पुरून उरली होती. चिमाचं बोलणं सगुणाला नव्हे, आपल्याला आहे, असं तो समजून होता. बायकोसाठी म्हणून जो गिलावा त्याने लावला, तो त्याने स्वतःचं तोंड झाकायला लावला होता. आणि आता तो काढून पुण्या-मुंबईच्या माणसांना दाखवायचा?

शनिवारी दुपारी निलेशची बॅग पडवीत येऊन बसली. सगुणा शेताकडे गेली होती. धाकूने बॅगेकडे पाहिलं, निलेशकडे पाहिलं आणि कोनाड्यातली हातोडी काढली.

"ये हिकडं. तुला गिलावा काडायचा होता ना? मग बग. बग नि मग सांग, ही भिंत मानसांना दाकवाची कशी ती."

त्याने पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीच्या बाजूला, पहिला घाव घातला. पिस्ता रंगाची खपली उडाली. दुसरा, तिसरा. धाकू रागाने ठोकत होता. राग कुणावर, ते त्यालाही सांगता आलं नसतं. खिडकीच्या बाजूचा आणि वरचा दाराएवढा तुकडा मोकळा झाला. निलेश जवळ गेला. लहानमोठे, पिवळेतांबडे चिरे एकमेकांत कसेबसे बसवलेले.

"झाला समाधान? ह्यो तुजा बापूस, रत्नांगिरीचा नावाजलेला गवंडी! उष्ट्या चिऱ्यांचं घर बांधलान त्यानं!"

निलेश काही बोलायच्या आत मागून सगुणाचा आवाज आला. डोक्यावरचा गवताचा भारा तिने तिथेच टाकला होता. ती धावत आली आणि उघड्या भिंतीसमोर उभी राहिली. धाकूला वाटलं, आता काही खरं नाही. त्याने हातोडी खाली ठेवली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. गिलावा तुझ्यासाठी नव्हता, माझ्यासाठी होता. चिमा हसत होती ती मला. तुला कधी सांगायचं धाडस झालं नाही.

सगुणा ऐकत होती, पण तिचे डोळे भिंतीवर होते. निलेशने एका काळ्या शिरांच्या चिऱ्यावर हात ठेवला. "बाबा, ह्यो कुटला?"

"ह्यो? वखारीचा. अण्णांच्या. मागची पडवी पाडली तवाचा." धाकूचा आवाज जरा खाली आला. "हा पिवळा, पहिली कौलांची भट्टी झाली तितला. ह्यो शाळेच्या कुंपनाचा. ह्यो जकातीच्या कचेरीचा, कोपरा उडालाय बग, साहेब म्हनाला न्हे. ह्यो देवळाच्या दीपमाळेखालचा, ह्याला पाय नाय लावाचा म्हून वर बसवला. ह्यो रावजीच्या बापसाच्या बर्फाच्या कारखान्याचा..."

तो सांगत गेला आणि निलेश ऐकत गेला. बंदर, बाजार, देऊळ, कारखाना, कचेरी. जिथे जिथे धाकूने घाम गाळला त्या त्या जागेचा एकेक तुकडा भिंतीत होता. उद्याची मुंबईची एसटी निलेश विसरला होता. "आनि ह्यो?" त्याने खिडकीच्या वरच्या अंगाला एका चिऱ्याकडे बोट दाखवलं. चांगला मोठा, अख्खा, एकही कोपरा न उडालेला नवा चिरा. पण चांगला दोन बोटं वाकडा बसलेला.

धाकूने पाहिलं. पुन्हा पाहिलं. पुढे होऊन बोटाने खरवडलं. "ह्यो... सड्यावरच्या खानीचा वाटतो. पन अख्खा चिरा इकत घ्याची माजी ऐपत नव्हती. नि असा वाकडा मी बसवन? ह्यो माजा नाय." रत्नागिरीतला चिरा बघून खाण सांगणारा धाकू आपल्याच भिंतीपुढे गडबडला. "तवा मी दापोलीला होतो, विद्यापीठाच्या बांधकामावर. दुसऱ्या कुनी बसवला असंल..."

"मी बसवला," सगुणा म्हणाली.

दोघेही वळले.

"तुमी दापोलीला गेलेत नि खिडकीवरचा भगदाड तसाच ठेवून गेलेत. पावसाला चार दिवस होते. निलेश पोटात, सातवा महिना. घरात पानी शिरलं असतं." ती भिंतीशीच बोलत असल्यासारखी बोलत होती. "खानीवर जाऊन दोन दिवस माती उपसली, तवा त्येंनी एक चिरा दिला. डोक्यावरनं आनला. चिमानं खालनं धरला, मी वर चढले. मना काय बसवता येतंय? बसला तसा बसला. वाकडा. वर माती लिंपली, तुमाला वाटलं भगदाडच मातीनं बुजवला."

"कदी बोललीस नाय ती?"

"काय बोलाचा? गवंड्याच्या बायकोनं बसवलेला चिरा वाकडा! चिमाला ठावूक होतं ना, म्हून ती ‘भिंत बगा, भिंत बगा’ करून हसायची. ती मना हसत होती. तुमाला नाय." सगुणाने पदर तोंडाला लावला. "म्हून मना गिलावा हवा होता. तुमच्या नजरेला तो चिरा पडू नये म्हून."

धाकू पडवीच्या कडेला बसला. सत्तावीस वर्षं या बाईबरोबर एका ताटात जेवलो आणि हे आपल्याला ठाऊक नाही! कधी कुणापुढे न रडलेला धाकू मुलापुढे रडला. मग उठला, ओळंबा आणला, सवयीने भिंतीला लावू लागला आणि चिऱ्यापाशी येऊन थांबला.

"काडून सरळ बसवून देऊ?" त्याने विचारलं.

"हात लावून तर बगा," सगुणा म्हणाली.

त्याने ओळंबा गुंडाळून खिशात टाकला.

रविवारची एसटी निलेशशिवाय गेली. बाहेरचा गिलावा बापलेकांनी मिळून दिवाळीपर्यंत उतरवला, आणि सगुणा खाली उभी राहून हळू मारा, हळू मारा म्हणत राहिली. आतल्या खोल्यांचा पिस्ता रंग मात्र तिने सोडला नाही. पाहुण्यांना बाहेर काय बघायचं ते बघू दे, राहायचं ते माझ्या घरात, असा तिचा हिशेब होता. स्वानंदीने पिस्त्यावरून थोडं नाक मुरडलं, तर सगुणाने तिला तीन घावणं जास्त वाढली आणि विषय संपवला. चिमा येऊन उघडी भिंत बघून गेली. या वेळी हसली नाही. "मी खालनं धरला होता, ता पन सांगा लोकास्नी," एवढं बजावून गेली.

पुढच्या एप्रिलपासून माणसं येऊ लागली. आंबा खात, समुद्रावर जाऊन येत, आणि संध्याकाळी पडवीत बसली की धाकूला भिंतीबद्दल विचारत. धाकू काठी घेऊन उभा राही आणि एकेक चिरा सांगे: ही वखार, ही भट्टी, ही कचेरी. गावात किती काही होतं, काय गेलं, काय अजून चालू आहे, सगळं त्या चार हात भिंतीवर दाखवी. ऐकणारे गुंग होऊन जात. पण खिडकीवरच्या वाकड्या चिऱ्यापाशी आला की तो काठी खाली घेई, आणि आत हाक मारी. मग सगुणा पदराला हात पुसत बाहेर येई आणि त्या चिऱ्याचं ती स्वतः सांगे.